वाहून आलेली कोनशिला

मेलेल्या माणसाच्या उशाला काय लिहायचं, हे मेलेल्याला कुणी विचारत नाही. जिवंतपणी तरी कोण विचारत होतं म्हणा! विचारायचे ते मला. "मिस्त्री, तुमीच सुचवा काहीतरी चांगलं," असं म्हणून लोक दुकानातल्या बाकड्यावर बसायचे आणि मी चहा मागवून वेळ काढायचो. आष्टीत नगर रोडला माझं दगडावर अक्षरं कोरायचं दुकान. आता तिथं मुलगा बसतो आणि मशीन कोरतं. मशीन बरं आहे. काय कोरतोय ते त्याला कळत नाही, त्यामुळे त्याचं डोकं फिरत नाही. माझं लई फिरायचं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकं दोन प्रकारची, मेलेले आणि पुढारी. मेलेल्यांचा त्रास नसतो. पुढारी मात्र कोनशिलेवर आपलं नाव शेजारच्या नावापेक्षा गव्हाएवढं लहान दिसलं तरी दगड परत धाडतात. कोनशिला म्हणजे रस्ता, पूल, शाळा, मुतारी, काहीही बांधलं की 'यांच्या शुभहस्ते' म्हणून जो दगड लावतात तो. सत्ता बदलली की नवे लोक जुन्यांची कोनशिला उपटून आमच्याच दुकानात आणून टाकतात. चांगला जाड, घोटलेला काळा दगड कोण फेकून देईल? तो उलटा करायचा, मागची बाजू घासायची आणि तिच्यावर नवं नाव घालायचं. आमच्या तालुक्यात अशा कितीतरी भिंती आहेत की ज्यांच्यात एक पक्ष लोकांकडे तोंड करून आणि दुसरा भिंतीकडे तोंड करून, एकाच दगडात पाठीला पाठ लावून गुण्यागोविंदानं नांदतोय. उद्घाटनाला टाळ्या वाजवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, मी मात्र मागं उभा राहून हसायचो.

मेलेल्यांचं काम मुख्यतः मुसलमानांचं आणि ख्रिश्चनांचं. आमच्या लोकांना जाळल्यावर दगड लागत नाही. मुसलमानांचा दगड साधा. कबर पक्की बांधू नका, नावापुरता दगड चालेल, असं मौलाना सांगतात. वर उर्दूची एक ओळ. मला उर्दू येत नाही. मौलाना कागदावर लिहून द्यायचे, मी ती कार्बननं दगडावर उतरवायचो आणि उजवीकडून डावीकडे छिन्नी चालवायचो. ख्रिश्चनांच्या दगडावर क्रूस, खाली नाव आणि 'प्रभूच्या ठायी विसावले'. वर्षानुवर्षं तेच. माणूस दारू पिऊन विहिरीत पडलेला असो की पोरांनी हाकलून दिल्यावर उपाशी मेलेला असो, दगडावर तो विसावलेलाच असतो.

एकदा तर ज्यू गिऱ्हाईक आलं. आमच्या डोंगराकडच्या एका गावात मिशनचा दवाखाना होता, तिथं सिस्टर एस्तेर जन्मभर नर्स होत्या. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना अजून तिथंच राहायचंय. सगळे सिस्टरना ख्रिश्चनच समजायचे. नवरा वारला तेव्हा कळलं की या कोकणातल्या बेने इस्रायल, ज्यू. त्यांचं कब्रस्तान इकडं कुठलं? ख्रिश्चनांनी आपल्या कब्रस्तानात एक कोपरा दिला. वर्ष भरत आलं तेव्हा सिस्टर दुकानात आल्या, दोन हिब्रू अक्षरं त्यांनी स्वतः काढून दिली आणि खाली मराठीत नाव घालायला सांगितलं.

दगड बसवल्यावर काही दिवसांनी रंग नीट बसलाय का बघायला गेलतो, तर दगडावर ओळीनं खडे ठेवलेले. पोरांचे उद्योग, असं म्हणून मी ते झाडून टाकले. मागून सिस्टर ओरडल्या, "अहो मिस्त्री, काय करताय? ते माझे खडे आहेत!"

त्यांच्यात कबरीला फुलं नेत नाहीत. भेटायला आलो होतो याची खूण म्हणून दगडावर एक खडा ठेवतात. मी म्हणालो, "सिस्टर, दगडवाल्याला हा रिवाज लई पटला बघा." त्या खळखळून हसल्या. मग बसून त्यांनी त्यांच्याकडचं सुतक सांगितलं. सात दिवस घरच्यांनी खाली जमिनीवर बसायचं. भेटायला येणाऱ्यानं आधी तोंड उघडायचं नाही. घरचं माणूस बोललं तर आपण बोलायचं, नाही बोललं तर नुसतं बसायचं आणि उठून जायचं. मी म्हणालो, "आमच्याकडं असं केलं तर निम्मे लोक गुदमरून मरतील." मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

त्याच गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव झाला. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरलं की खालच्या विहिरींना पाझर फुटतात, असं ते काम. काम करणारे भाऊसाहेब. ठेकेदार तेच, पुढारी तेच आणि उद्घाटनाचे प्रमुख पाहुणेही तेच. कोनशिला माझ्याकडूनच गेली. काळा दगड, सोनेरी अक्षरं: 'भाऊसाहेब यांच्या अथक प्रयत्नांतून साकारलेला हा तलाव जनतेस अर्पण'. 'अथक' हा शब्द त्यांनी आग्रहानं घालायला लावला होता. उद्घाटनाला बांधावर पाय ठेवला तर चपलेखाली माती भुसभुशीत लागली. पण कोनशिला लावणाऱ्याचं कोण ऐकणार?

आमचा भाग दुष्काळी. पाऊस का आला नाही, कुणाच्या पापानं आला नाही, याचा अर्थ लावायची लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सवय. त्या वर्षी तो नको इतका आला. अर्थ लावणाऱ्यांची जराशी धांदल उडाली खरी, पण सावरले लगेच. पावसाची झड लागली होती आणि एका दुपारी बांध मधोमध फुटला. पाणी ओढ्यातून खालच्या वस्तीत शिरलं. शमीमबी नावाची शेळ्या राखणारी विधवा बाई तिथं राहायची. तिची एकुलती एक शाळकरी पोरगी नसरीन गोठ्यातल्या शेळ्या सोडायला धावली. शेळ्या सुटल्या, पोरगी गेली. शेजारच्या घरात शांतवनबाबांची बायको मार्था होती. गुडघ्यांनी अधू, तिला उठून पळता आलं नाही. शांतवनबाबा बाजाराला गेलते म्हणून वाचले.

शांतवनबाबा माझे जुने स्नेही, चर्चची घंटा वाजवायचे. कळल्यावर मी गेलो. घरं गेलेल्या लोकांना शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं होतं. एका कोपऱ्यात शमीमबी भिंतीला टेकून बसलेली, दुसऱ्या कोपऱ्यात शांतवनबाबा. आणि समोरून अर्थ लावणाऱ्यांची रांग.

आधी मौलाना आले. म्हणाले, "सब्र करा आपा. गावात गुनाह किती वाढले बघा. डीजे, मोबाईल, पोरींचं उघड्या डोक्यानं फिरणं. हा अज़ाब हाय, अल्लाहची नाराजी." पोरगी शेळ्या सोडायला गेलती, डीजे वाजवायला नव्हे. शमीमबी फरशीकडंच बघत होती. मग जाता जाता त्यांनी एक बरं वाक्य टाकलं, की बुडून मेलेला माणूस शहीद असतो, नसरीनला जन्नत मिळाली. तेवढं ऐकून शमीमबीनं मान वर केली. आधी हेच सांगितलं असतं आणि उठून गेले असते तर मौलानांचं काय बिघडलं असतं?

मग पाळक साहेब. तरुण, नगरकडचे, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "बाबा, शेवटचा काळ जवळ आला आहे. ही चिन्हं आहेत. लोकांनी चर्चला येणं सोडलं."

"मार्था दर शनिवारी चर्च झाडायची, पाळक साहेब," शांतवनबाबा म्हणाले.

"परमेश्वर आपल्या आवडत्यांना लवकर बोलावतो, बाबा."

"मग तुमाला कशाला ठेवलंय हितं?"

पाळक साहेबांना एकदम कुठंतरी जायचं आठवलं.

आमचे लोक मागं राहतील होय? जत्रेत यंदा देवीचा मान नीट केला नाही, मग ती कोपणारच, असं एक म्हातारा शांतवनबाबांना ऐकवून गेला. शांतवनबाबांचा आणि देवीचा काय संबंध? पण देवीला कोपायचंच म्हटल्यावर तिनं बांधाच्या खालच्या अंगाचीच घरं निवडली, वरच्या अंगाचा भाऊसाहेबांचा बंगला कोरडा ठणठणीत ठेवला. मौलानांच्या अज़ाबानंही तेच केलं आणि पाळक साहेबांच्या शेवटच्या काळानंही.

शेवटी भाऊसाहेब स्वतः आले, ब्लँकेटं आणि फोटोग्राफर घेऊन. हात जोडून म्हणाले, "निसर्गापुढं माणसाचं काय चालतंय? देवाची मर्जी. अल्लाहची मर्जी म्हणा, येशूची म्हणा, मर्जी ती मर्जी." तिन्ही धर्मांच्या माना एकदम हलल्या. देव एक की अनेक, तोंड कुठल्या दिशेला करायचं, कुठल्या वारी त्याच्या दारात जायचं, यावर जन्मात ज्यांचं जमलं नाही, त्यांचं भाऊसाहेबांपुढं चुटकीसरशी जमलं. बांधाचं नाव कुणी काढलं नाही. मला तर तिथंच थुंकावंसं वाटलं, पण शाळा होती.

सगळे गेल्यावर सिस्टर एस्तेर आल्या. आता त्यांचंही वय झालेलं, भिंतीला धरत धरत त्या शमीमबीशेजारी फरशीवर बसल्या. नमस्कार नाही, चौकशी नाही, सब्र नाही. नुसत्या बसल्या. मला आठवलं. आजूबाजूचे लोक मात्र चुळबुळायला लागले. एक बाई कुजबुजली, "म्हातारीला ऐकू येत न्हाई की काय?" सिस्टर हलल्या नाहीत. चहा आला, निवला. बराच वेळ गेला आणि शमीमबी बोलली. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा.

"सिस्टर, बांध गळत व्हता."

सिस्टरनी फक्त तिचा हात धरला.

"शेळ्या तिथंच चारते मी. बुडातून गढूळ पाणी येत व्हतं. भाऊसाहेबाच्या मानसाला जाऊन सांगितलं. तो मला म्हनला, तू तुज्या शेळ्या सांभाळ." मग तिनं जो टाहो फोडला तो मी विसरलेलो नाही. रडता रडता म्हणाली, "मौलाना म्हनले शहीद झाली. झाली ना, मानते मी. पन शहीद केली कुनी, ते कुनीच सांगंना!"

पाणी ओसरलं, गाळ वाळला आणि भाऊसाहेब माझ्या दुकानात आले. दोन दगडांची ऑर्डर. मुसलमानाच्या दगडावर 'अल्लाहच्या मर्जीने', ख्रिश्चनाच्या दगडावर 'परमेश्वराच्या इच्छेने', आणि दोन्हींच्या खाली 'सौजन्य: भाऊसाहेब मित्रमंडळ'. मला आधी वाटलं चेष्टा करतायत.

"भाऊसाहेब, हे मेलेल्यांचे दगड आहेत. बसस्टँडचे नाहीत," मी म्हणालो.

"मिस्त्री, गावाला आधार द्यायचाय. तू कोर."

"घरच्यांना विचारल्याशिवाय मी कबरीचं काम धरत नाही."

"विचार की! कोण नाही म्हणतंय बघू."

मी विचारायला गेलो. शांतवनबाबा पडक्या भिंतीवर पत्रा टाकत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू फक्त मार्थाचं नाव कोर. खाली जागा मोकळी ठेव. देवाचं आन माझं भांडण चालू हाय. रोज संध्याकाळी भांडतो मी त्याच्यासंगं. मिटलं की सांगतो काय लिवायचं ते." मी म्हणालो, देव ऐकतो का? "तो ऐकतो रं. भाऊसाहेब ऐकत न्हाई."

शमीमबी तर उसळलीच. "माज्या पोरीच्या उशाला त्याचं नाव? या अल्लाह! नाकातोंडात गाळ जाऊन पोरगी गेली आन वरून ह्याचं सौजन्य?" तिनं हातातली गाळाची पाटी आपटली. "दादा, तुमी कोरलं ना, तर त्याच हातोडीनं फोडीन मी."

मी भाऊसाहेबांना सांगून टाकलं, जमणार नाही. ते हसले. नगरला माझ्यासारखे छप्पन्न बसलेत म्हणाले, आणि खरंच बसलेत. मुसलमानांच्या कब्रस्तानाच्या कमिटीवर त्यांचाच माणूस होता. येत्या जुम्म्याला नमाजनंतर आधी नसरीनचा दगड बसणार, भाऊसाहेब हजर राहणार, असं गावात जाहीर झालं. शमीमबी कमिटीवाल्याकडे जाऊन आली. तो म्हणाला, "फुकट मिळतोय दगड, नाही कशाला म्हणते? कबर बिनदगडाची ठेवतेस काय?" आता तिच्यापुढं दोनच वाटा. पोरीच्या उशाला भाऊसाहेबांचं सौजन्य, नाहीतर जुम्म्याच्या आधी तिनं स्वतः बसवलेला दगड.

जुम्म्याच्या आधी एका सकाळी दुकानापुढं छोटा टेम्पो थांबला. शमीमबी खाली उतरली. मागं पोत्यांवर चिखलानं माखलेला एक दगड. हमालानं तो उतरवला, मी पाणी मारलं आणि चिखलातून सोनेरी अक्षरं वर आली. 'अथक' हा शब्द आधी दिसला. तलावाची कोनशिला! बांध फुटला तेव्हा चौथऱ्यासकट वाहून आली होती. एक कोपरा तेवढा दोन शब्दांसकट उडालेला, बाकी अक्षरं शाबूत.

"दारातला गाळ काढत व्हते. पहारीला लागला," शमीमबी म्हणाली. "दादा, हा तुमचाच ना?"

"माझाच, आपा."

"उलटा करून दुसऱ्या बाजूला नाव घालता तुमी, असं सिस्टर म्हनल्या."

"घालतो की. पुढचं घासून काढू का?"

"न्हाई!" ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला. "एक अक्षर बी कमी व्हता कामा न्हाई."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी मुलाला हाक मारून सांगितलं, मशीन बंद कर. हे मी हातानं करणार. बोटं आखडलेली, नजर कमी झालेली, पण त्या दिवशी छिन्नी अशी चालली की काय सांगू! मागची बाजू घासली आणि तिच्यावर कोरलं: 'नसरीन, शमीमबीची मुलगी'. वर मौलानांची नेहमीची उर्दू ओळ. तिच्यात मर्जीबिर्जीचं भाऊसाहेबी काही नाही, शमीमबीनं आधी अर्थ विचारून घेतला होता. मौलानांनाही तिनं शहाणपणानं विचारून ठेवलं होतं. साधा दगड चालतो ना? चालतो. वाहून आलेला? चालतो की, दगड तो दगड. दुसऱ्या बाजूला काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

आमच्याकडं मुसलमानांची कबर उत्तर-दक्षिण असते आणि डोकं उत्तरेला. दगड लागतो तो उत्तरेला, उशाशी. त्या गावच्या कब्रस्तानाची उत्तरेची बाजू म्हणजे गावात शिरणारा रस्ता, मध्ये फक्त काटेरी तार. पोरीचं नाव कबरीकडं केलं की दगडाची पाठ आपोआप रस्त्याला. शमीमबी बाईमाणूस, कब्रस्तानात जाणार नाही, ती कायम रस्त्यावरूनच बघणार. बसवायच्या आधी मी तिला म्हणालो, "आपा, असं केलं तर तुम्हाला पोरीचं नाव दिसायचं नाही. फिरवू का?"

"पोरीचं नाव मला पाठ हाय, दादा. रस्त्यानं जानाऱ्यांना त्याचं दिसू द्या."

जुम्म्याच्या सकाळी आम्ही तो बसवला. दुपारी नमाज सुटली, लोक आले, भाऊसाहेबांची गाडी आली. मागच्या टेम्पोत नगरहून आणलेला सौजन्याचा दगड फुलांनी सजवून ठेवलेला. भाऊसाहेब गाडीतून उतरले आणि तारेपलीकडं त्यांना आपलंच नाव दिसलं. सोनेरी. मी आदल्या दिवशी नवा रंग भरला होता. 'भाऊसाहेब यांच्या अथक प्रयत्नांतून साकारलेला', आणि दगडाच्या पलीकडं ताज्या मातीची लहान कबर. 'हा तलाव' हे शब्द उडालेल्या कोपऱ्याबरोबर गेले होते, त्याला मी काय करणार?

फोटोग्राफर बिचारा नवा होता. "साहेब, इथंच घेऊ का फोटो? नाव छान येतंय," तो म्हणाला.

"कुणी लावलं हे?" भाऊसाहेब गरजले. "काढा आधी! मौलाना, हे काय चाललंय तुमच्या कब्रस्तानात?"

मौलाना दगडाला वळसा घालून पलीकडं गेले, पोरीचं नाव वाचलं. परत अलीकडं आले, भाऊसाहेबांचं वाचलं. दाढी कुरवाळली. मला वाटलं, आता डीजे आणि मोबाईल काढणार. पण ते म्हणाले, "खोटं तर काही लिहिलेलं न्हाई, भाऊसाहेब." त्या दिवसापासून मी मौलानांना आधी सलाम करतो.

भाऊसाहेब मग रस्त्यावर उभ्या असलेल्या शमीमबीकडं वळले. "तू लावलंस हे? माझा दगड तू कबरीला लावलास?"

शमीमबीनं पदर सारखा केला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी काय केलं, भाऊसाहेब? तुमचा दगड तुमच्या तलावातून निघाला आन वाहत वाहत माज्याच दारात आला. अल्लाहची मर्जी."

सिस्टर एस्तेर तारेतून वाकून आत गेल्या, खालचा एक खडा उचलला आणि दगडावर ठेवून परत आल्या. भाऊसाहेब फुलं लावलेल्या दगडासकट निघून गेले. त्यांच्यावर पुढं काही कारवाई झाली का, असं विचारू नका. झाली असती तर हे मला लिहावं लागलं नसतं. ते आजही भाऊसाहेबच आहेत आणि गावात नवा बांध तेच घालतायत.

मार्थाच्या दगडावर नावाखालची जागा अजून मोकळी आहे, भांडण मिटलेलं नाही. आणि गावात जायला भाऊसाहेबांनी आता दुसरा लांबचा रस्ता धरलाय असं ऐकतो. काळ्या दगडावरचा सोनेरी रंग उन्हात उडतो, त्याला वरचेवर हात द्यावा लागतो. बाकी सगळी कामं मी सोडली. दिवाळीच्या आधी तेवढा डबा आणि ब्रश घेऊन त्या गावाला जातो आणि रंग भरून येतो, दोन्ही बाजूंना.